शाळा उघडाव्यात, पण शिक्षकाच्या जिवावर नव्हे

कोविडच्या महासाथीत भांडवलदारी वृत्तपत्रांनी एक प्रश्न मोठ्या चलाखीने जनतेपुढे ठेवला: मुलांचे शिक्षण महत्त्वाचे की शिक्षकांचे आरोग्य? शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वी सुरक्षिततेची हमी मागणारा शिक्षक हा कामचुकार, घरबसल्या पगार खाणारा आणि गोरगरिबांच्या मुलांचा वैरी ठरविण्यात आला. साथ ओसरली, तो आरोप मात्र अद्याप जिवंत आहे. उद्या दुसरी साथ आली की तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारला जाईल. म्हणून त्यातील लबाडी आजच उघडी पाडली पाहिजे.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. शाळा दीर्घकाळ बंद राहणे हा कष्टकरी वर्गावर झालेला मोठा आघात होता. युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे मार्च २०२२ पर्यंत भारतातील शाळा पूर्णतः वा अंशतः मिळून ८२ आठवडे बंद होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित कुटुंबांतल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली. तीत असे आढळले की ग्रामीण भागातील अवघी ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती, तर ३७ टक्के मुलांचा अभ्यास पुरता थांबला होता. श्रीमंताच्या घरी संगणक होता आणि शेतमजुराच्या घरी एक मोबाइल, तोही बाप कामावर घेऊन जाई. तेव्हा शाळा बंदच ठेवा, असे कोणतीही जबाबदार शिक्षक संघटना म्हणू शकत नाही. शाळा उघडाव्यात, यात मतभेद नाही. कोणत्या अटींवर उघडाव्यात आणि त्या अटी ठरविणार कोण, हा खरा वादाचा विषय आहे.

‘घरी बसलेला’ शिक्षक कोठे होता?

शिक्षक घरी बसला होता, ही पहिली थाप. महाराष्ट्रात २०२० साली शिक्षकांना तपासणी नाक्यांवर उभे करण्यात आले, रेशन दुकानांवर नेमण्यात आले, घरोघरच्या सर्वेक्षणाला जुंपण्यात आले. ज्या राज्यकर्त्यांना शिक्षक वर्गात पाठविताना त्याच्या प्रकृतीची आठवण झाली नाही, त्यांना तो नाक्यावर पाठवितानाही झाली नाही.

उत्तर प्रदेशात तर या बेपर्वाईने कळस गाठला. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट उसळलेली असताना तेथे चार टप्प्यांत पंचायत निवडणुका घेण्यात आल्या आणि शिक्षकांना मतदान केंद्रांवर व मोजणीच्या टेबलांवर बसविण्यात आले. प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने मे महिन्यात १,६२१ मृत शिक्षक व कर्मचाऱ्यांची यादी दिली. सरकारने उत्तर दिले: मृत्यू तीन! घरून कामावर जाताना, कामावर असताना वा घरी परतताना जो मेला तोच काय तो निवडणुकीच्या कामाचा बळी, हा त्यामागचा हिशेब. संसर्गानंतर रोग बळावायला दिवस लागतात, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शासनाच्या नियमाला ते ठाऊक नव्हते. संघटनांनी आवाज उठविल्यावर निवडणुकीच्या कामानंतर ३० दिवसांत झालेले मृत्यू ग्राह्य धरण्याचे ठरले, आणि मग २,०२० कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३० लाख रुपये देण्यासाठी ६०६ कोटी रुपये मंजूर करावे लागले. तीनाचे दोन हजार वीस झाले ते संघटनेच्या यादीमुळे. ती यादी नसती, तर ही माणसे मेलीच नव्हती असे सरकारदप्तरी कायमचे नोंदले गेले असते.

लशीच्या रांगेतही हीच तऱ्हा. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा राष्ट्रीय क्रमवारीत शिक्षक हा अग्रक्रमाचा वेगळा गट नव्हता. सर्व शिक्षकांना शिक्षक दिनापूर्वी लस देण्यासाठी राज्यांना दोन कोटींहून अधिक जादा मात्रा देण्याची घोषणा केंद्राने केली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर. महाराष्ट्रातील अनेक भागांत नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून सुरू झाले होते! आधी वर्ग, मग लस. आधी निवडणूक, मग मृत्यूंची मोजदाद.

हवेचा प्रश्न

शाळा सुरक्षित करणे म्हणजे काय? शाळेच्या दारात कपाळावर तापमापक रोखायचा, हातावर दोन थेंब जंतुनाशक टाकायचे, बाकांवर औषध फवारायचे आणि छायाचित्र काढून वरिष्ठांकडे पाठवायचे, एवढ्यालाच बहुतेक ठिकाणी सुरक्षितता म्हटले गेले. पण हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये तो हवेतून पसरत नाही असे जाहीरपणे सांगितले होते. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले. तरीही हे सत्य सरळ शब्दांत मान्य व्हायला २०२१ साल उजाडले. मे २०२१ मध्ये भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानेही सूक्ष्म तुषार हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून खिडक्या-दारे उघडी ठेवून हवा खेळती राखावी, अशी सूचना काढली.

याचा शाळेपुरता अर्थ स्पष्ट आहे. समोरासमोरच्या खिडक्या, चालू पंखे, हवा बाहेर फेकणारे झरोके, कमी पटसंख्या, नाका-तोंडावर नीट बसणारा मुखपट्टा आणि जमेल तेव्हा झाडाखाली वा व्हरांड्यात वर्ग. शिक्षकांच्या खोलीकडे तर कोणाचे लक्षच नव्हते. इंग्लंडमध्ये २०२० च्या उन्हाळ्यात शाळा अंशतः उघडल्या, तेव्हाच्या अभ्यासात शाळांमधील प्रादुर्भावात सापडलेल्यांपैकी बहुसंख्य हे कर्मचारी होते, आणि संसर्ग अनेकदा एका कर्मचाऱ्याकडून दुसऱ्याला झाला होता. ज्या खोलीत सारे शिक्षक दाटीने बसून डबा खातात, तीच सर्वात धोक्याची, हे त्यातून दिसले.

येथे कायद्याचे वर्गीय रूप पाहण्यासारखे आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने हवा खेळती ठेवण्याचे बंधन मालकावर घातले आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर जागा सक्तीची केली. हे कलम कामगारांनी लढून मिळविलेल्या हक्कांपैकी एक होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकामागे एक वर्गखोली आहे, स्वच्छतागृह आहे, कुंपणाची भिंत आहे. पण हवेचा एक घनमीटरही नाही. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा कामगार नाही. राष्ट्रनिर्माता म्हणून त्याला शाल-श्रीफळ द्यायचे आणि हक्काची वेळ आली की तो कामगारांत मोडत नाही म्हणायचे, असा हा दुटप्पी मान आहे.

संघटित शिक्षकांनी काय मिळविले?

शिक्षकाच्या हातात कायदा आणि संघटना असली तर काय होते, हे परदेशातील दोन प्रसंगांनी दाखविले. इंग्लंडमध्ये ३ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी शाळा सुरक्षित असल्याची ग्वाही दिली. त्याच सुमारास राष्ट्रीय शिक्षण संघटनेने १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यातील कलम ४४ चा आधार घेतला. गंभीर व निकटचा धोका असल्याची रास्त खात्री असणाऱ्या कामगाराने काम नाकारले तर त्याला शिक्षा करता येत नाही, असे हे कलम सांगते. प्राथमिक शिक्षकांनी भरलेल्या वर्गात जाऊ नये, असा सल्ला संघटनेने दिला. ४ जानेवारीला शाळा एक दिवस भरल्या आणि त्याच संध्याकाळी जॉन्सन यांनाच त्या बंद करण्याची घोषणा करावी लागली. सकाळी सुरक्षित असलेली शाळा संध्याकाळी रोग पसरविणारी कशी झाली, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

अमेरिकेतील शिकागो शहरात जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनची लाट असताना सुमारे ७३ टक्के संघटित शिक्षकांनी वर्गाऐवजी दूरस्थ अध्यापनाच्या बाजूने कौल दिला. महापौरांनी तेही नाकारून शाळाच बंद ठेवल्या. पाच दिवस वर्ग भरले नाहीत. अखेर करार झाला. अधिक चाचण्या, दर्जेदार मुखपट्टे आणि कोणत्या शाळेत किती जण बाधित झाल्यास ती दूरस्थ पद्धतीवर जाईल याची मर्यादा त्यात आली, आणि शिक्षक वर्गात परतले. म्हणजे शाळा उघडल्या त्या धमकीने नव्हे, लेखी अटींनी.

आपल्या देशातही हे अशक्य नव्हते. केरळने मे २०२० मध्ये सुमारे १३ लाख विद्यार्थ्यांच्या परीक्षा खबरदारी घेऊन पार पाडल्या आणि १ नोव्हेंबर २०२१ पासून विद्यार्थ्यांचे गट पाडून, आळीपाळीने, स्थानिक संस्था व पालकांना साफसफाईपासून नियोजनापर्यंत सामील करून शाळा उघडल्या. तेथेही रुग्णसंख्या मोठी होती. पण अटी आधी जाहीर झाल्या, घंटा नंतर वाजली.

मागण्या

आजारी पडल्यावर पगार कापला जाणार असेल तर शिक्षक ताप लपवूनच शाळेत येणार. २०२० साली महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन महिना ६,००० रुपये होते. तेलंगणात खासगी शाळांतील शिक्षकांची अशी उपासमार झाली की एप्रिल २०२१ मध्ये सरकारला त्यांना दरमहा २,००० रुपये व २५ किलो तांदूळ जाहीर करावा लागला. अशा माणसाला ‘इच्छा असेल तर या’ म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. म्हणून पुढील साथीची वाट न पाहता या मागण्या आजच लावून धरल्या पाहिजेत:

१. प्रत्येक वर्गखोलीत व शिक्षकांच्या खोलीत हवा खेळती राहण्याचे आणि माणशी जागेचे प्रमाण कायद्याने ठरवावे. दुरुस्तीचा खर्च शासनाने करावा.

२. कायम, कंत्राटी, तासिका तत्त्वावरील व खासगी अशा सर्व शिक्षकांना, तसेच शिपाई, सफाई कामगार व पोषण आहार शिजविणाऱ्या महिलांना साथीच्या काळात भरपगारी आजारी रजा द्यावी.

३. लस व संरक्षक साधने आधी, हजेरी नंतर.

४. गंभीर धोका असताना काम नाकारण्याचा हक्क आणि कामामुळे आलेल्या मृत्यूची भरपाई कायद्यात असावी.

५. शाळा केव्हा उघडावी व केव्हा बंद करावी याच्या मर्यादा आधी जाहीर कराव्यात; त्यांच्यावर देखरेख शिक्षक व पालकांची असावी.

शेवटची मागणी सर्वात महत्त्वाची आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. गावोगावी या समित्या कागदावर आहेत. शिक्षक आणि पालक यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव तेथेच हाणून पाडता येईल. कारण ज्या कोंदट खोलीत शिक्षकाचा श्वास घुसमटतो, त्याच खोलीत मजुराचे मूलही बसलेले असते. खिडकी उघडली की हवा दोघांनाही मिळते. पक्षाच्या सभासदांनी आपापल्या गावातील, वस्तीतील शाळेच्या खोल्या मोजाव्यात, खिडक्या मोजाव्यात, पट मोजावा आणि तो हिशेब समितीपुढे मांडावा. साथ आल्यावर हे काम सुरू केले, तर पुन्हा मृतांचीच यादी करावी लागेल.