गवताला नाव देणारी माणसे

आषाढ-श्रावणात भंडाऱ्याच्या बांधीत निंदणाला उतरलेल्या बाया धान ठेवतात आणि सावा उपटतात. कोवळेपणी दोन्ही दिसायला सारखेच. पण पान जिथे खोडाला धरते, तिथे धानाला पांढरा पातळ पापुद्रा असतो, साव्याला नसतो. गवतशास्त्रज्ञही आधी तिथेच भिंग लावतो. मग कणीस, तूस, कुसळ.

महाराष्ट्रात हे काम केले ते फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी. मूळचे स्वित्झर्लंडचे हे जेझुइट मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. चार्ल्स मॅक्कॅन यांच्यासोबत लिहिलेला त्यांचा ‘द बॉम्बे ग्रासेस’ हा ग्रंथ 1935 मध्ये निघाला, तेव्हा ब्लॅटर हयात नव्हते. आदल्याच वर्षी पाचगणीत ते वारले होते. शेतकऱ्याच्या ओळखीच्या मारवेलचे एक भावंड त्यांनी मॅक्कॅन यांच्या नावे केले, दुसरे दोघांनी मिळून पाचगणीच्या.

पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा वसा चालवला. मोठ्या जंगलांच्या कौतुकात हे काम झाकले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. कागदोपत्री गवताळ रान अजूनही ‘पडीक’च आहे.

आपल्या भंडाऱ्याच्या जुन्या मालगुजारी तलावांत आपोआप उगवणारे देवधान हेही गवतच, लागवडीच्या धानाचे रानटी नातलग. तुमच्या तलावात, बांधावर कोणती गवते आहेत आणि गावात त्यांना काय म्हणतात, ते आम्हाला जरूर कळवा. सोबत वाळवलेले कणीस पाठवा. त्याशिवाय ओळख पक्की होत नाही.