राखीव सर्व्हरचा खोटा दिलासा

तंजावरात एखादी शाळा, पतपेढी किंवा जुन्या मराठी घराण्यांचा न्यास आपल्या नावाची ईमेल स्वतःच्या सर्व्हरवर चालवू लागला, की पहिला सल्ला येतो तो राखीव सर्व्हरचा. "एमएक्स नोंदी दोन ठेवा. पहिली 10 आकड्याची, इथल्या सर्व्हरची. दुसरी 20 ची, चेन्नईतल्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरची. इथली वीज गेली, केबल तुटली, तर पत्रं तिकडे जाऊन थांबतील आणि इथलं सुरळीत झालं की येतील. एकही हरवायचं नाही." सल्ला देणारा बहुधा प्रामाणिक असतो. भाडंही फार नसतं. आणि एकापेक्षा दोन बरे, हे कोण नाकारील?

मी नाकारतो. लहान संस्थेसाठी असा राखीव सर्व्हर निरुपयोगी आहेच, वर अपायकारकही आहे, असं माझं म्हणणं आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात पुरुषार्थ नाही, म्हणून त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच पुढे ठेवतो. 16 नोव्हेंबर 2018 रोजी भल्या पहाटे गज वादळ वेदारण्यमच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि कावेरीच्या मुखप्रदेशातून आत घुसलं. तंजावर जिल्ह्यातल्या पट्टुकोट्टई, पेरावुरणी, ओरत्तनाडू या भागांत नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब हजारोंनी मोडले आणि कित्येक गावांत दिवे लागायला आठवड्यांमागून आठवडे गेले. तिथे कपाटात ठेवलेला मेल सर्व्हर इन्व्हर्टरच्या जोरावर किती तास काढणार? या प्रश्नाला बगल देऊन राखीव सर्व्हरला नावं ठेवणं म्हणजे वितंडा झाली. उत्तर माझ्याकडे आहे, पण ते समजायला पत्र पाठवणारा सर्व्हर दार कसं शोधतो हे आधी पाहावं लागेल. निम्मे गैरसमज तिथेच दडलेले आहेत.

पाठवणारा सर्व्हर डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीला, विचारतो, या नावाचं टपाल कोण घेतं? उत्तरात एमएक्स नोंदींतून एक किंवा अनेक यंत्रांची नावं येतात आणि प्रत्येकासोबत 0 ते 65535 मधला एक आकडा. ज्याचा आकडा लहान त्याच्याकडे आधी जायचं. (मोठा आकडा म्हणजे मोठा मान, असं धरून मुख्य सर्व्हरला 100 आणि राखीवाला 10 देऊन बसलेले लोक असतात. त्यांचं सगळं टपाल राखीवाकडे जात राहतं आणि त्यांना पत्ता नसतो.) दोन आकडे सारखे असतील तर त्यांतला कुठलाही एक, नेम न धरता. जोडणी झालीच नाही किंवा "आत्ता नाही, नंतर या" असं 4 ने सुरू होणारं उत्तर आलं, तर पुढच्या आकड्याकडे जाता येतं. 5 ने सुरू होणारं "नाही म्हणजे नाही" आलं, की खेळ संपला आणि पत्र पाठवणाऱ्याकडे परत. एमएक्स नोंदच नसेल, तर त्या नावाचा जो पत्ता असेल त्याच यंत्रावर प्रयत्न होतो.

या सगळ्यात "मुख्य" आणि "राखीव" असे दोन वर्ग कुठेच नाहीत. एके काळी होते. 1983 मध्ये डीएनएसचा पहिला आराखडा आला, तेव्हा टपालाचं अंतिम ठिकाण सांगणारी एमडी आणि पुढे पोचवणारा मध्यस्थ सांगणारी एमएफ अशा दोन वेगळ्या नोंदी होत्या. त्यातली एकच नोंद कुणाच्या तात्पुरत्या साठ्यात उरली, की अर्धवट माहितीवर टपाल चालायचं. जानेवारी 1986 मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी आरएफसी 974 हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज लिहून टपालाची वाट ठरवण्याची रीत बदलली. दोन्ही वर्ग मोडीत निघाले आणि त्यांच्या जागी आकडा असलेली एकच एमएक्स नोंद आली. नियमांनी चाळीस वर्षांपूर्वी टाकलेली कल्पना आपण सल्ल्यात मात्र जपून ठेवली आहे.

ती टिकली याला कारणही आहे. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्या पहिल्या शहरांत मद्रास होतं, तंजावर नव्हतं. त्या काळी जगभरात अनेक कचेऱ्यांचे सर्व्हर दिवसातून दोन-चार वेळा फोन लावून जोडले जायचे आणि बाकी वेळ बंद असायचे. मधल्या काळात त्यांचं टपाल सेवादात्याच्या यंत्रावर थांबायचं. "माझ्यासाठी ठेवलेलं आता सोडा" असं सांगायला 1996 मध्ये ईटीआरएन नावाची खास आज्ञाच निघाली. तेव्हा राखीव सर्व्हर ही गरज होती. आज फायबर घरापर्यंत आलाय आणि आपण अजून डायल-अपच्या काळातली सावधगिरी बाळगून आहोत.

आता मूळ भीतीकडे येऊ: सर्व्हर बंद पडला की पत्र हरवतं. हरवत नाही. जोडणी झाली नाही तर पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने ते पत्र रांगेत ठेवून पुनःपुन्हा प्रयत्न करायचा असतो. 2008 चा आरएफसी 5321 सांगतो, की दोन प्रयत्नांत साधारण अर्ध्या तासाचं तरी अंतर असावं आणि चार-पाच दिवस तरी हात टेकू नयेत. मेल सर्व्हरच्या प्रणालींपैकी पोस्टफिक्स मुळात पाच दिवस धरतो, सेंडमेल पाच, एक्झिम चार. जगातला प्रत्येक शिस्तीचा पाठवणारा सर्व्हर हाच आपला राखीव सर्व्हर असतो, तोही फुकट. सगळेच इतके धीराचे नसतात, हे कबूल केलं पाहिजे. मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर मुळात दोनच दिवस वाट पाहतो, आणि ओटीपी पाठवणाऱ्या यंत्रणांपैकी काही तर एका प्रयत्नानंतर विसरून जातात. पण ओटीपी राखीवाकडे थांबून दुसऱ्या दिवशी मिळाला, तर त्याचं काय करायचं?

माझा खरा आक्षेप याहून खोल आहे आणि तो जबाबदारीचा आहे. ईमेलच्या व्यवहारात घेणाऱ्या सर्व्हरने 250 असं उत्तर दिलं, की त्या क्षणी पत्राची जबाबदारी त्याच्याकडे जाते. पाठवणारा आपली प्रत रांगेतून काढून टाकतो आणि स्वतःच्या वहीत "पोचतं केलं" असं लिहितो. राखीव सर्व्हर 250 म्हणतो तेव्हा पत्र कुठेच पोचलेलं नसतं. समजा, कुंभकोणमहून एका संस्थेला निविदेचा खुलासा मागणारं पत्र सोमवारी निघालं आणि घेणाऱ्याचा सर्व्हर बंद आहे. राखीव नसेल तर काही तासांनी किंवा दिवसाभराने पाठवणाऱ्याला बहुधा सूचना येते: पत्र अजून गेलेलं नाही, प्रयत्न चालू आहेत. तो फोन उचलतो, माणूस पाठवतो, काहीतरी करतो. राखीव असेल तर त्याला काहीच कळत नाही. त्याच्या दप्तरी पत्र सोमवारीच पोचलेलं असतं, आणि गुरुवारी निविदा उघडली जाते तेव्हाही ते चेन्नईत पडून असतं. उशीर दोन्हीकडे तेवढाच. एकीकडे तो पाठवणाऱ्याला कळतो, दुसरीकडे त्याच्यापासून लपवला जातो. ज्याला पुढे पोचवणं हातात नाही, त्याने "मिळालं" म्हणून सही का करावी?

दुसरा मुद्दा चोरवाटेचा. राखीवाकडे टपाल मुख्य बंद पडल्यावरच जाईल, ही समजूत आकड्यांवर फार विश्वास टाकते. आकडा ही पाठवणाऱ्याला केलेली विनंती आहे, दाराला लावलेलं कुलूप नाही. सज्जन सर्व्हर ती पाळतात. स्पॅम पाठवणारे मुख्य सर्व्हर ठणठणीत असतानाही मुद्दाम सगळ्यात मोठ्या आकड्याकडे जातात, कारण तिथली गाळणी ढिली असते हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मुख्य सर्व्हर अनोळखी माणसाला "थोड्या वेळाने या" म्हणून परतवतो, या युक्तीला ग्रेलिस्टिंग म्हणतात. ती स्पॅमवाल्याची घाई ओळखण्यासाठी असते. शेजारी राखीव उघडा असेल, तर तोच माणूस तत्क्षणी तिकडून आत येतो. पुढे राखीव ते पत्र मुख्याकडे आणतो तेव्हा मुख्याला दिसतो तो राखीवाचा पत्ता, मूळ पाठवणाऱ्याचा नाही. मग एसपीएफची, म्हणजे पत्र त्या नावाला परवानगी असलेल्या पत्त्यावरूनच आलं का याची, तपासणी चुकते, पाठवणाऱ्याची पत पाहून गाळण्याचा उपाय लंगडा पडतो आणि शेवटी कुणीतरी कंटाळून राखीवाला सरसकट सूट देऊन टाकतो. एवढ्यावर भागत नाही. भाड्याच्या राखीवाला आपल्याकडे कोणकोणती खाती आहेत हे सहसा माहीत नसतं, म्हणून तो नसलेल्या नावाचं पत्रही घेतो. मुख्य ते नाकारतो. आता जबाबदारी राखीवाची, म्हणून तो ते "पाठवणाऱ्याला" परत करतो. स्पॅमवर पाठवणाऱ्याचं नाव खोटं असतं, तेव्हा हे परतपत्र कुणा तिऱ्हाइताच्या दारात जाऊन पडतं. असं हजारदा झालं, की राखीव सर्व्हर काळ्या यादीत जातो, आणि ती अपकीर्ती आपल्या नावाने होते.

यावर तंजावरचा माणूस एक ठेवणीतलं उत्तर देतो: सरस्वती महाल ग्रंथालयाच्या गावात राहून दुसऱ्या प्रतीला विरोध? दुसऱ्या सरफोजीराजांनी देशभरातून हस्तलिखितं जमवली, पंडितांकडून नकला करवून घेतल्या. ग्रंथ, तेलुगू, देवनागरी अशा लिप्यांत ती आजही तिथे आहेत. एक पोथी वाळवीने खाल्ली तर दुसरी वाचता येते. अगदी खरं, आणि म्हणूनच हा दाखला माझ्या बाजूचा आहे. पोथीच्या नकलेत पूर्ण मजकूर असतो. राखीव मेल सर्व्हरकडे आपल्या टपालाची नक्कल नसते. आपल्या पेटीत काल आलेलं, गेल्या वर्षी आलेलं, काहीही त्याच्याजवळ नाही. जे अजून आपल्याला मिळालेलंच नाही तेवढंच त्याच्याकडे असतं. मुख्य सर्व्हरची डिस्क जळाली तर दहा वर्षांचा पत्रव्यवहार जातो आणि राखीव त्यातलं एक अक्षर परत देऊ शकत नाही. राखीवाच्या भाड्यात तीच संस्था रोज रात्री पेटीची नक्कल दुसऱ्या गावी ठेवू शकली असती. राखीव आहे या समाधानात ती नक्कल काढायची राहून जाते, आणि माझ्या मते हे नुकसान सगळ्यात मोठं.

"मग जीमेलच्या पाच एमएक्स नोंदी कशाला?" हाही प्रश्न येतो. 5, 10, 20, 30, 40 असे आकडे आहेत खरे. पण त्या पाचही दारांमागे एकच घर आहे: खात्यांची तीच यादी, तीच गाळणी, तीच साठवण. कुठल्याही दारातून पत्र आलं तरी ते पोचलेलंच असतं. आणि 2023 पासून गूगल आपल्या वर्कस्पेसच्या नव्या ग्राहकांना 1 आकड्याची एकच नोंद पुरते म्हणून सांगतं.

यातूनच माझा पक्ष निघतो. दोन सर्व्हर ठेवायचे तर बरोबरीचे ठेवा: दोघांना सारखा आकडा, दोघांकडे खात्यांची तीच यादी आणि स्पॅमचे तेच नियम, आणि दोघांनाही पत्र थेट पेटीत टाकता आलं पाहिजे. असा दुसरा सर्व्हर रोज काम करतो, म्हणून तो बिघडला तर त्याच दिवशी कळतं. वर्षातून एकदा लागणारा राखीव बिघडलाय हे नेमकं त्या एका दिवशीच कळतं. हे झेपत नसेल, आणि लहान संस्थेला बहुधा झेपत नाही, तर एकच सर्व्हर ठेवा आणि उरलेली काळजी डीएनएसकडे वळवा. सर्व्हर बंद असला तर पत्र रांगेत थांबतं. डीएनएस सर्व्हर उत्तरच देत नसतील तरीही थांबतं, कारण पाठवणारा ती तात्पुरती अडचण धरतो. पण वार्षिक शुल्क भरायचं राहिलं आणि नावच डीएनएसमधून निघालं, तर "असं नाव नाही" हे उत्तर कायमचं मानलं जातं आणि पत्र त्याच घटकेला परत फिरतं. दोन-दोन सर्व्हरचं भाडं भरणाऱ्या संस्थांत नावाच्या नूतनीकरणाची सूचना मात्र नोकरी सोडून गेलेल्या कुणा कारकुनाच्या खात्यावर जात असते.

राहिला गज वादळाचा प्रश्न. पट्टुकोट्टईतला सर्व्हर तीन आठवडे उठणार नसेल, तर राखीवानेही भागत नाही. त्याच्या रांगेलाही मुदत असते आणि ती बहुधा तशीच पाच दिवसांची. समजा ती वाढवून घेतली, तरी तीन आठवडे पत्रं तिथे साठतील आणि वाचायला कुणालाच मिळणार नाहीत. नेमक्या त्या दिवसांत, जेव्हा नुकसानभरपाईची, नातेवाइकांची, जिल्हा कचेरीची पत्रं यायची. त्यापेक्षा पहिल्या-दुसऱ्या दिवशीच एमएक्स नोंद बदलावी आणि दुसरीकडच्या चालू सर्व्हरकडे वळवावी, जिथे तीच खाती उघडून माणसांना मोबाइलवर पत्रं वाचता येतील. रांगेत थांबलेली पत्रंही तिकडेच जातात, कारण पाठवणारा सर्व्हर प्रत्येक नव्या प्रयत्नाच्या वेळी डीएनएसला पुन्हा विचारतो. त्यासाठी डीएनएस गावाबाहेर हवा, आणि ती नोंद बदलायचा अधिकार गावाबाहेरच्या एका तरी विश्वासू माणसाकडे हवा. तंजावरच्या मराठी घरांना असा माणूस शोधावा लागत नाही. कुणाचा तरी पुतण्या बंगळुरात असतोच. नोंदीचा टीटीएल, म्हणजे ती इतरांनी किती वेळ साठवून ठेवायची ती मुदत, मात्र आधीच तासाभरावर आणून ठेवलेला असावा. तो आठवड्याचा असेल, तर पुतण्याने नोंद बदलल्यावरही जुनी नोंद साठवून बसलेले सर्व्हर आठवडाभर पट्टुकोट्टईतल्या अंधाऱ्या कपाटाकडेच हेलपाटे घालत राहतात.