आपलीच चरबी, म्हणून निर्धोक?

‘तुमचीच चरबी, तुमच्याच पेशी, मग धोका कसला?’ गुडघेदुखीपासून टकलापर्यंत सगळ्यावर स्टेम सेल विकणाऱ्यांचं हे लाडकं वाक्य. मी सांगलीत पॅथॉलॉजीची प्रॅक्टिस करते. सर्जननी काढून पाठवलेल्या गाठी कापण्यात आणि तपासण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे ‘आपलंच आहे’ या युक्तिवादाची मला भुरळ पडत नाही. कॅन्सरही आपल्याच पेशींचा असतो.

तासगावकडच्या एक बाई जुन्या रिपोर्टची प्रत न्यायला आल्या होत्या. साठी ओलांडलेली, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, रोज लेट्रोझोलची गोळी चालू. पिशवीतून त्यांनी एका क्लिनिकचं रंगीत पत्रक काढलं. पोटावरची चरबी ओढून काढायची, त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी गुडघ्यात सोडायच्या. खर्च लाखाच्या घरात. ‘‘मॅडम, आपलीच चरबी हाय न्हवं? मग करू का?’’

पत्रकात न छापलेली गोष्ट अशी. पाळी गेल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन येणं थांबतं, पण शरीरात ते तयार व्हायचं थांबत नाही. आता ते मुख्यतः चरबीत बनतं, अ‍ॅरोमॅटेज नावाच्या एन्झाइममुळे. हे एन्झाइम तेलाने टम्म भरलेल्या मोठ्या पेशींत फारसं नसतं. त्यांच्या मधल्या फटींत राहणाऱ्या, किरकोळ दिसणाऱ्या पेशींत ते जास्त असतं. स्टेम सेल म्हणून विकल्या जातात त्या याच घोळक्यातल्या. स्तनात गाठ असेल तर तिच्यातून सुटणारी रसायनं शेजारच्या चरबीतलं हे काम आणखी वाढवतात आणि इस्ट्रोजेनवर पोसणारी गाठ त्यावर फोफावते. लेट्रोझोल हे एन्झाइम बंद पाडतं. या गोळीचा नेहमीचा दुष्परिणाम म्हणजे सांधेदुखी. बाईंच्या गुडघ्यांत वयाचा वाटा किती आणि गोळीचा किती, ते मला ठरवता येणार नाही. पण ज्या पेशींचा उद्योग थांबवायला त्या रोज गोळी घेतात, त्याच पेशी दुखऱ्या गुडघ्यात भरून घ्यायला लाखभर रुपये मोजायचे, हा व्यवहार मला तरी अजब वाटला.

स्तनाची गाठ तपासायला घेतली की पहिला त्रास चरबीचाच. फॉर्मालिनमध्ये ती लवकर पक्की होत नाही, सुरीला चिकटते, ग्लोव्ह बुळबुळीत होतात; घाई केली तर सेक्शन नीट येत नाही. गाठ मात्र कच्च्या पेरूसारखी करकर कापली जाते. मायक्रोस्कोपखाली गाठीपासून दूरची चरबी म्हणजे रिकाम्या पांढऱ्या घरांची जाळी, कारण प्रोसेसिंगमध्ये तेल विरघळून गेलेलं असतं. स्लाइड गाठीच्या कडेकडे सरकवत न्यावी तशी ही घरं लहान होत जातात, मधे गुलाबी तंतू माजतात आणि त्या तंतूंत लांबट पेशींची दाटी दिसते. शिकत असताना आम्ही या भागाला ‘स्ट्रोमा’ म्हणून एका शब्दात निकालात काढायचो. खरं कारस्थान तिथेच चाललेलं असतं.

चरबीतून काढलेल्या पेशींपासून हाड, कूर्चा, स्नायू यांच्या पेशी घडवता येतात, हे पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये अमेरिकेत दाखवलं. लायपोसक्शननंतर फेकून दिल्या जाणाऱ्या चरबीला एकदम भाव आला. जखम झाली की या पेशी नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, दाह आवरतात, आधाराचे तंतू विणतात. आता बोस्टनचे पॅथॉलॉजिस्ट हॅरोल्ड ड्वोराक यांनी 1986 मध्ये काय मांडलं होतं ते आठवा: ट्यूमर म्हणजे कधीच न भरणारी जखम. ह्यूस्टनच्या मिखाइल कोलोनिन यांच्या गटाने 2009 मध्ये उंदरांत दाखवलं, की चरबीतल्या पेशी गाठीकडे जातात आणि तिची वाढ पुढे रेटतात. पेशीला बरं-वाईट कळत नाही. हाक येईल तिथे ती दुरुस्तीला हजर होते.

म्हणून या पेशी आपोआप कॅन्सरच्या होतात असं कोणी घाबरवलं, तर तेही ऐकू नका. स्पेनमधल्या एका गटाने 2005 मध्ये तसा दावा केला होता. तो निकाल पुन्हा मिळेना आणि 2010 मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला गेला. अशाच दुसऱ्या एका दाव्यात तर आधीच्याच कॅन्सरपेशी त्या डिशमध्ये मिसळल्या होत्या, असं निघालं.

ऑपरेशननंतर स्तनात पडलेला खड्डा रुग्णाच्याच चरबीने भरून काढणं ही तर आणखी वेगळी गोष्ट. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने 1987 मध्ये स्तनात चरबी भरायला विरोध केला होता, मॅमोग्राफी फसेल या भीतीने. 2009 मध्ये ती भूमिका सैल झाली. मिलानच्या युरोपियन इन्स्टिट्यूट ऑफ ऑन्कॉलॉजीने 2012 मध्ये अशा 321 रुग्णांची चरबी न भरलेल्या 642 जणींशी तुलना केली. एकूणात कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. नलिकेबाहेर न पडलेल्या, अगदी सुरुवातीच्या कॅन्सरच्या छोट्या गटात तेवढी शंका राहिली. नंतरच्या एकत्रित विश्लेषणांनीही एकूणात दिलासाच दिला आहे. कॅन्सर सर्जनच्या संमतीने असं फिलिंग करून घेणाऱ्या बाईला मी अडवणार नाही. पण साधी चरबी भरणं वेगळं आणि तिच्यातल्या पेशी वेगळ्या काढून, दाट करून टोचणं वेगळं. पहिल्याचा दिलासा दुसऱ्याच्या पत्रकावर छापणं ही लबाडी आहे.

कॅन्सर बाजूला ठेवला, तरी ‘आपलीच’ म्हणून निर्धोक हे खरं नाही. 2015 मध्ये फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन वृद्ध स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या. तिघींची नजर गेली. आपल्याकडे आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. ठरावीक आजारांतलं रक्तपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा बाकी सगळा वापर फक्त मंजूर चाचणीतच करायचा. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. तरी पत्रकं छापली जातात, कारण छापणाऱ्याला कोणी विचारत नाही. अन्न व औषध प्रशासनाने औषधांच्या दुकानांइतकीच नजर या क्लिनिकांवर ठेवली, तर निम्मी दुकानदारी थांबेल.

बाईंना मी त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सांधेदुखीसाठी गोळी बदलून पाहता येते, व्यायामाने अनेकींना फरक पडतो, गुडघ्याचा साधा एक्स-रेही अजून कोणी काढलेला नव्हता. तुमच्या हातात असं पत्रक आलं, तर आधी क्लिनिकला चाचणीचा सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक देऊन वर पैसेही मागितले, तर कशाचे ते विचारा. कॅन्सर होऊन गेलेला असेल, तर आपल्या ऑन्कॉलॉजिस्टला दाखवल्याशिवाय कुठेही सही करू नका. आणि क्रमांकच मिळाला नाही, तर चरबी पोटावरच राहू द्या.