घामाचा हिशेब



पळण्याच्या व्यायामाचा विषय गावात काढला की एक उत्तर ठरलेले असते. "साहेब, आम्ही दिवसभर रानात राबतो. पळायचे ते शहरातल्या लोकांनी." आपल्या आजोबांच्या बाबतीत हे खरे होते. आज ते घरातील कोणाला लागू पडते आणि कोणाला नाही, याचा हिशेब या खेपेस मांडू.

मी राहतो त्या खराडीचेच घ्या. नगर रस्त्यावरचे, मुळा-मुठेच्या काठचे हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेत आले. जिथे पिके डोलत होती तिथे आज संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. जमीन गेली तसा अंगाचा घामही गेला. ताट मात्र नांगरटीच्या दिवसांतलेच राहिले. ज्यांचे रान शाबूत आहे त्यांचे तरी काय निराळे? नांगरट ट्रॅक्टर करतो, विहिरीवरची मोटार मोबाईलवरून चालू होते, बांधावर जायला मोटारसायकल आहे. घाम आटला आणि चहा-साखर, तेल, मैदा वाढला.

"मी तर काटक आहे, मला काय होणार?" असे कोणी म्हणेल. त्यांनी हे ऐकावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्माचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार अशी ही ठेवण मधुमेहाला लवकर बळी पडते.

पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन पळणारे. माझा व्यायाम म्हणजे लिफ्टचे दार बंद व्हायच्या आत धावत गाठणे, असे याज्ञिकांनी मिस्कीलपणे तिथेच नमूद केले होते.

तेव्हा माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नये, तसे अंगाकडे नुसते पाहून आरोग्य ठरवू नये. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची सोय असते.

आता पळण्याविषयी. मांडीचे स्नायू हे शरीरातील मोठे स्नायू. ते कामाला लागले की रक्तातील साखर ओढून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालणे किंवा ७५ मिनिटे पळणे पुरेसे आहे. त्याला मैदान लागत नाही. चौरस एकराच्या बांधाभोवती एक फेरी म्हणजे सुमारे अडीचशे मीटर. चार फेऱ्यांत एक किलोमीटर झाला.

सुरुवात अशी करावी :

१. पहिले दोन आठवडे फक्त भरभर चालावे, रोज अर्धा तास.

२. तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिट पळावे, दोन मिनिटे चालावे. असे आठ वेळा, एक दिवसाआड.

३. दर आठवड्याला पळणे थोडे वाढवावे, चालणे कमी करावे. शेजाऱ्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. दम लागून बोलणे तुटले तर वेग जास्त झाला.

४. चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी अनवाणी पळू नये. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा.

आहाराचा हिशेब चहापासून मांडू. दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे साखर म्हणजे ५० ग्रॅम. वर्षाकाठी एका माणसाच्या पोटात अठरा किलो साखर केवळ चहातून जाते! कपामागे एक चमचा कमी केला तर नऊ किलो वाचली. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, शेपू, ताक हे सारे आपल्याच रानातले नि गोठ्यातले. भाजी बाजारात आणि बिस्किटे घरात, हा व्यवहार उलटा आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वरचा पळण्याचा सल्ला ज्यांचा घाम आटला आहे त्यांच्यासाठी. घरच्या बाईचा घाम आटलेला नाही. खुरपणी, धार, पाणी, चूल सगळे तिच्याकडेच, आणि जेवायला ती सर्वांत शेवटी. त्याच सहा गावांत असे दिसले की ज्या गरोदर माता पालेभाजी, फळे व दूध वरचेवर घेत, त्यांची बाळे वजनाने चांगली होती. जवळजवळ दोन तृतीयांश मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ते दूध, अंडी, मांस, मासळी यांतूनच मिळते. म्हणून डेअरीला दूध घालण्यापूर्वी एक पेला तिच्यासाठी बाजूला काढावा, आणि तिच्या डोक्यावरचे एखादे काम पळू शकणाऱ्या पुरुषाने उचलावे. तोही व्यायामच होय.

राहिला मनाचा प्रश्न. "उद्यापासून" हे आळसाचे लाडके नाव. म्हशीची धार काढायला आज मन लागते का, असे आपण विचारत नाही. वेळ झाली की बादली उचलतो. पळण्याचेही तसेच ठेवावे. ठराविक वेळ, एक सोबती, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे शेतकऱ्याचाच मुलगा. सैन्यात असताना वाढलेले वजन त्याने उतरवले, आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत अडथळ्यांच्या ३,००० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक आणले. आपल्याला पदक नको. साठीनंतरही स्वतःच्या पायांनी बांध चढता यावा, एवढे पुरे.

उद्या पहाटे घरातल्या प्रत्येकाचा घाम आणि ताट यांचा हिशेब करा. ज्याच्या अंगाला काम कमी पडते त्याने बांधावर निघावे, आणि जिच्या वाट्याला ते जास्त आहे तिला आधी वाढावे.