मैदान कोणाचें?

धंदेवाईक खेळांत संघाचा मालक एक आणि मैदानाचा धनी दुसरा, ही रीत आतां रूढ झाली आहे. ‘पुणेरी पलटण’ हा कबड्डीचा संघ पुण्याचा. पण प्रो कबड्डीच्या २०२५ च्या हंगामांत पुण्यास एकही सामना झाला नाहीं. बिऱ्हाडकरूचें असेंच व्हावयाचें!

नागपुरास विदर्भ क्रिकेट असोसिएशननें निराळा मार्ग धरला. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर १९६९ सालीं येथील पहिला कसोटी सामना झाला. पुढें संस्थेनें जामठ्यास स्वतःचें भव्य क्रीडागार उभारलें, व २००८ पासून कसोटी सामने तेथें होऊं लागले. घर हक्काचें झालें, पण गांवाबाहेर, वर्धा मार्गावर! पायीं जाणाऱ्या शाळकरी मुलाला तें दूरच. मैदान बांधणारांनीं रुपयांबरोबर त्याच्या पावलांचाही हिशेब मांडावा, हें बरें.