बाँडवरची सोडचिठ्ठी कोर्टात टिकत नाही. मग पोराचा ताबा कुणाकडं?

हुपरी : मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं. त्याआधी कुटुंब न्यायालयाच्या निकालावर अपील करायचं म्हटलं की मुंबईची वाट धरावी लागायची. आता ते अपील कोल्हापुरातच चालतं. कोर्ट जवळ आलं खरं. पण हुपरी, रेंदाळ, पट्टणकोडोली या पट्ट्यात नवरा-बायकोचं बिनसलं, तर अनेक घरांत पहिलं पाऊल आजही कोर्टाकडं पडत नाही. आधी भाऊकी बसते, मग दोन्हीकडचे पावणे बसतात. जमलं तर ठीक, नाहीतर शेवटी बाँड लिहिला जातो. "आजपासून आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही. मुलगा वडिलांकडं, मुलगी आईकडं. पुढं कुणी कुणावर दावा करायचा नाही." खाली दोघांच्या सह्या, चार साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का.

पूर्वी असा कागद १०० रुपयांच्या बाँडवर व्हायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं ही किंमत ५०० रुपये केली. बाँड महागला, पण त्याचं कायद्यातलं वजन काही वाढलं नाही.

बाँडनं घटस्फोट होतो का?

सरळ उत्तर: नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो हिंदूंबरोबरच जैन, लिंगायत, बौद्ध आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. या कायद्यानं लग्न मोडायचं ते कोर्टाच्या हुकूमनाम्यानं. नोटरी फक्त सही कुणाची आहे एवढंच सांगतो, लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही.

एक अपवाद आहे. कलम २९ मध्ये समाजाच्या जुन्या रूढीनुसार होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे. आपल्याकडं ज्याला काडीमोड म्हणतात, तो हाच. पण "आमच्यात चालतं" एवढं म्हणून भागत नाही. ही रूढी समाजात पूर्वीपासून सतत चालत आली आहे हे पुराव्यानं सिद्ध करावं लागतं आणि ते ओझं रूढी सांगणाऱ्यावर असतं. बहुतेक बाँड इथंच गळपटतात.

तसं पाहिलं तर घटस्फोटाचा कायदा या मातीला नवा नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ मध्येच करवीर संस्थानात बायकांचा छळ रोखणारा आणि घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला तो १९४७ मध्ये आणि देशभराचा १९५५ मध्ये. ज्या जिल्ह्यानं एवढ्या आधी कायद्याची वाट दाखवली, तिथंच आज बाँडवर भरवसा ठेवला जातो.

हा भरवसा महागात पडतो तो दुसऱ्या लग्नाच्या वेळी. बाँड करून मोकळं झालो असं समजून एकानं दुसरं लग्न केलं, तर पहिलं लग्न कायद्यानं जिवंतच असतं. दुसरं लग्न रद्द ठरतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दुसऱ्या घरात आलेल्या बाईचा काहीच दोष नसतो, पण बायको म्हणून तिचे हक्क अडचणीत येतात. त्या लग्नातली मुलं मात्र कायद्यानं औरसच मानली जातात.

मुस्लिम कुटुंबांसाठी वाट वेगळी आहे. बायकोला १९३९ च्या कायद्यानं कोर्टातून विवाहविच्छेद मागता येतो. एका दमात तीन वेळा दिलेला तलाक २०१९ च्या कायद्यानं बेकायदा आहे आणि तो गुन्हाही आहे.

दोघंही राजी असतील तर

दोघांनाही वेगळं व्हायचं असेल, तर कलम १३ ब ची वाट सर्वांत सोपी. किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. दोघं मिळून एकच अर्ज करतात. त्यानंतर सहा महिने थांबायचं आणि पुन्हा कोर्टापुढं येऊन "आम्ही ठाम आहोत" असं सांगायचं. मधल्या काळात कुणाचंही मन बदललं तर संमती मागं घेता येते.

हे सहा महिने माफही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तसं सांगितलं, पण अटी घातल्या. दोघं वेगळं राहून दीड वर्ष झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी व मुलांचा ताबा यांचा खराखुरा निकाल दोघांत लागलेला असावा. म्हणजे पोराचा प्रश्न लोंबकळत ठेवून लवकर सुटका मिळत नाही.

एकाची तयारी नसेल तर कारण सिद्ध करावं लागतं: छळ, दोन वर्षांपासून टाकून देणं, बाहेरचे संबंध वगैरे. "आमचं पटत नाही" हे कारण खालच्या कोर्टात चालत नाही. संसार पार मोडला आहे एवढ्याच कारणावर घटस्फोट देण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्वतःच्या खास अधिकारात मान्य केला. तो तालुक्याच्या कोर्टाला नाही.

पोर कुणाचं?

बैठकीत हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. "मुलगा बापाचा, मुलगी आईची." वाटणी झाली, पावणे चहा पिऊन उठले. वासराची वाटणी करावी तशी ही वाटणी. भाऊ एका गावात आणि बहीण दुसऱ्या गावात वाढते.

कायदा असं बघत नाही. १९५६ चा अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा आणि सगळ्या धर्मांना लागू असणारा १८९० चा पालक व पाल्य कायदा, दोन्हींचा कणा एकच आहे: मुलाचं हित. आईचा हक्क मोठा की बापाचा, हा प्रश्न त्याच्या मागं येतो.

यात गावोगावी काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

पहिली समजूत: पाच वर्षांनंतर पोर आपोआप बापाकडं जातं. कायद्यात एवढंच आहे की पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडं असावं. पाचवा वाढदिवस झाला की ताबा फिरतो असं कुठंही लिहिलेलं नाही. बापाला नैसर्गिक पालक म्हटलं आहे, पण पालक असणं वेगळं आणि ताबा मिळणं वेगळं.

दुसरी समजूत: ज्याच्याकडं पैसा, त्याच्याकडं पोर. सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा एक निकाल इथं उपयोगी आहे. वडील अमेरिकेत, पैशानं भक्कम. आई तान्हं बाळ घेऊन भारतात परतलेली आणि तिनं ते एकटीनं वाढवलेलं. मुंबई उच्च न्यायालयानं ताबा वडिलांना दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि मुलगा आईकडंच ठेवला. पैसा बघितला जातो, पण त्यानं एकट्यानं तागडी झुकत नाही.

तिसरी समजूत: बापाला ताबा मिळतच नाही. तेही खरं नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आई आजारानं गेली, मूल आईच्या माहेरी राहिलं आणि वडिलांना ते परत मिळेना. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मूल वडिलांच्या हवाली करण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला.

चौथी समजूत: पोरानं सांगितलं की झालं. समज आलेल्या मुलाचं म्हणणं न्यायाधीश स्वतः ऐकतात, बऱ्याचदा आपल्या दालनात, आई-बापाला बाहेर ठेवून. त्या म्हणण्याला वजन असतं, पण शेवटचा शब्द त्याचा नसतो. पोराला पढवून पाठवलं असेल तर तेही लक्षात येतं.

पाचवी समजूत सगळ्यांत घातक: "बाँडमध्ये लिहून दिलंय, आता पोराचं नाव काढायचं नाही." ताब्याचा निकाल कधीच कायमचा नसतो. खुद्द कोर्टाचा हुकूम झालेला असला, तरी परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. मग बैठकीतल्या कागदाची काय कथा! पोराची पोटगी सोडल्याचं आईनं लिहून दिलं, तरी बापाची जबाबदारी संपत नाही. तो हक्क पोराचा आहे, तो आईला विकता येत नाही.

शाळेच्या दारातून पोर उचलून नेण्याचे प्रकारही होतात. त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटतं. पण रोजची शाळा, रोजची माणसं तोडून पोर नेणाऱ्याबद्दल कोर्टाचं मत चांगलं होत नाही. नेलेलं मूल हजर करा म्हणून थेट उच्च न्यायालयात अर्ज होऊ शकतो आणि तो अर्जही आता कोल्हापुरातच ऐकला जाऊ शकतो.

भेट ही मेहरबानी नव्हे

एकाला ताबा मिळाला म्हणजे दुसऱ्याचं नातं तुटत नाही. मुलाला दोघांचीही माया लागते आणि ज्याच्याकडं ताबा नाही त्याला भेटीचा व बोलण्याचा मार्ग हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं. त्यात व्हिडिओ कॉलचाही उल्लेख आहे.

अर्धी भांडणं हुकूम मोघम असल्यानं होतात. "अधूनमधून भेटू द्यावे" यानं काही साधत नाही. कोणता रविवार, किती ते किती, कुणाच्या घरी की मंदिराच्या आवारात, दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, मे महिन्याचे किती दिवस कुणाकडं, गावच्या यात्रेला पोर कुणाकडं, फोन किती वाजता, हे सगळं अर्जातच लिहून मागावं. आजी-आजोबांच्या भेटीचंही लिहावं. आपल्याकडं पोरं बऱ्याचदा आजीच्याच अंगावर वाढलेली असतात.

पोटगी थकली म्हणून भेट अडवणं आणि भेट दिली नाही म्हणून पोटगी थांबवणं, या दोन्ही चुका आहेत. दोन्हींचा फटका एकाच माणसाला बसतो आणि त्याचं वय सहा-सात वर्षं असतं.

चांदीच्या धंद्यात पगाराची चिठ्ठी कुठली?

नोकरदाराची पोटगी ठरवणं सोपं, पगाराची पावती पुरते. हुपरीत तसं नाही. पैंजण, वाळे, कमरपट्टे घडवणाऱ्या घरांत कमाई मजुरीवर, वजनावर आणि हंगामावर चालते. चांदीचा भाव हलला की धंदा हलतो. घरातली बाई कड्या जोडते, घुंगरू बसवते, पण तिच्या कष्टाची वेगळी नोंद बहुतेक वेळा नसतेच. भांडण झालं की नवरा म्हणतो, "मी साधा मजूर." बायको म्हणते, "घरात किलोनं चांदी येते." खरं काय?

सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२० मध्ये यावर एक पद्धत घालून दिली. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही आपली कमाई, मालमत्ता, कर्ज आणि खर्च शपथपत्रावर सांगायचा. शेतीवर जगणाऱ्यांसाठी या शपथपत्राचा वेगळा नमुनाच आहे. खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते. पोटगी मंजूर झाली की ती अर्ज केल्या तारखेपासून धरायची, हेही त्याच निकालात आहे. म्हणून वर्षभर "बघू, करू" करत बसण्यात अर्ज करणाऱ्याचंच नुकसान असतं.

उपयोगी पडणारे पुरावे साधे असतात: बँकेचा उतारा, फोनवरून झालेले पैशांचे व्यवहार, कर्जाचे हप्ते, जीएसटीचे कागद, सातबारा, मालाच्या देवघेवीच्या चिठ्ठ्या, शाळेच्या फीच्या पावत्या.

फक्त पोटगी हवी असेल तर घटस्फोटाचा दावा लावलाच पाहिजे असं नाही. पूर्वीचं कलम १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. हा अर्ज बायको आणि मुलं जिथं राहतात तिथल्या कोर्टात करता येतो. मारहाण असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण, राहण्याची सोय, पोटगी आणि मुलांचा तात्पुरता ताबा, सगळं एकाच अर्जात मागता येतं. लग्नात बाईला मिळालेलं सोनं-चांदी हे तिचं स्त्रीधन, ते सासरच्या कपाटात असलं तरी तिचंच.

माहेर निपाणीला, सासर हुपरीला

या भागातल्या सोयरिकी राज्याची हद्द बघून होत नाहीत. भांडण झालं की मात्र हद्द आडवी येते. घटस्फोटाचा दावा लग्न जिथं लागलं, दोघं शेवटचं जिथं एकत्र राहिले, समोरचा जिथं राहतो, किंवा बायको सध्या जिथं राहते, यांपैकी कुठंही लावता येतो. म्हणजे बायको माहेरी निपाणीला असेल तर तिथूनही. मुलाच्या पालकत्वाचा अर्ज मूल नेहमी जिथं राहतं तिथल्या कोर्टात. एकानं इकडं आणि दुसऱ्यानं तिकडं दावा लावला, तर खटला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. निपाणी हाकेच्या अंतरावर, पण त्यासाठी वाट दिल्लीची.

मग बैठक बसवायचीच नाही का?

बैठक बसवावी, जरूर बसवावी. दोन्ही घरं ओळखणारी माणसं जे दोन संध्याकाळीत सोडवतात, त्याला कोर्टात कित्येक तारखा लागतात. चूक बैठकीत नाही, बैठकीवरच थांबण्यात आहे. तिथं जे ठरलं, ते परस्पर संमतीच्या अर्जात घालून कोर्टाचा हुकूमनामा घेतला, की त्याला ताकद येते. मग पोटगी थकली तर वसूल करता येते, भेट अडवली तर दाद मागता येते आणि दोघांनाही अपिलाची मुदत संपल्यावर नव्यानं संसार थाटता येतो.

खर्चाची भीती असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला आणि मुलांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींनाही ही अट नाही, इतर पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं. विधी सेवेचा फोन १५१००, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

जाताना लग्नाचा पुरावा, दोघांचं आधार, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचा दाखला सोबत ठेवावा. आणि आधीच बाँड झालेला असेल तर तोही न्यावा. त्यानं घटस्फोट होत नसला, तरी दोघं कधीपासून वेगळे राहतात हे दाखवायला तो उपयोगी पडू शकतो.