ट्रम्प सुटले, पण वाद मिटला का?

२५ जुलै २०१९ ला अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्कींना फोनवर विरोधक जो बायडेन यांची चौकशी करायला सांगितलं. तेव्हा युक्रेनची सुमारे ३९ कोटी डॉलरची लष्करी मदत अडवून ठेवलेली होती. डेमोक्रॅट म्हणतात, हा सरळ सत्तेचा गैरवापर. रिपब्लिकन म्हणतात, भ्रष्टाचाराचीच चौकशी मागितली, मदतही सप्टेंबरात सोडली, मग गुन्हा कुठला?

मदत का अडवली, हे आतल्या माणसांनाच विचारायला हवं होतं. पण सिनेटनं ५१ विरुद्ध ४९ मतांनी साक्षीदार बोलवायचंच नाकारलं. ५ फेब्रुवारी २०२० ला गैरवापराच्या आरोपाला ४८ मतं पडली, हवी होती ६७. रिपब्लिकनांत पक्षाविरुद्ध गेले ते एकटे मिट रोम्नी. साक्ष न घेताच पंच उठले, त्यामुळं ट्रम्प सुटले तरी वाद तिथंच राहिला.